शून्य रुपयांचा दुखवटा

माझं एक वाक्य साहेबांनी खोडलं, त्याचा राग मला अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. वाक्य साधं होतं. ‘पुसलेली नोंद परत येत नाही, म्हणून पुसण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचार.’ यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्याकडं दुसऱ्याच्या बांधावरची बोरीची फांदी तोडायची तरी माणूस आधी हाक मारतो. समोरचा ‘तोड की’ म्हणतो, आणि मग कुऱ्हाड चालते. एवढीच रीत मी इंग्रजीत लिहिली होती. साहेबांना ती लांबण वाटली.

मी बीडला दोन खोल्यांत राहते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच लिखाणाचं काम करते. आधी कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. ते सोडलं आणि या कामाला लागले. कंपनीचं एक ॲप आहे. लोक त्यात घरखर्च लिहितात, दूध, किराणा, लाईटबिल, पोरांची फी. आता त्यात एक एआय एजंट बसवलाय. एजंट म्हणजे सांगकाम्याच, पण न सांगितलेलंही करून मोकळा होणारा. त्याच्या हातात अवजारं दिलेली असतात. एक नोंद लिहायचं, एक शोधायचं, एक पुसायचं. प्रत्येक अवजारासोबत एक मजकूर जोडलेला असतो, की हे काय करतं, कधी उचलायचं आणि कधी त्याला हात लावायचा नाही. तो मजकूर मी लिहिते.

माणसांसाठी लिहिलेली माहिती कुणी वाचत नाही. मिक्सरसोबत आलेली पुस्तिका आपण न उघडता कपाटात टाकतो. हा एजंट मात्र अक्षर न अक्षर वाचतो आणि लिहिलंय तसंच वागतो. आयुष्यभर वर्गात मागच्या बाकांशी भांडलेल्या बाईला असा वाचणारा मिळाला, तर तिला काम आवडणारच. मला आवडायचं.

पुसायच्या अवजाराचा मजकूर लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. नोंदीचा क्रमांक दे, पुसायचं कारण दे, एवढं सरळ होतं. खाली मी ते वाक्य लिहिलं, आणि सोबत सुचवलं की पुसलेल्या नोंदी काही दिवस बाजूला ठेवायची सोय करा, कुणाला परत हव्या असतील तर. मग व्हिडिओवर मीटिंग झाली. साहेब माझ्यापेक्षा लहान, मला ‘मॅम’ म्हणतात आणि कधीच आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर भांडायला बरं पडलं असतं.

“मॅम, मजकूर एकदम भारी,” साहेब म्हणाले. “फक्त ते विचारायचं काढून टाका. यूजर वैतागतो हो. दर वेळी ‘पुसू का, पुसू का’. कचरा काढायला परवानगी कशाला?”

“कचरा कोणता ते कोण ठरवणार?” मी विचारलं.

“एजंट ठरवेल ना. रक्कम शून्य, प्रकार रिकामा, बरेच दिवस कुणी उघडलेली नाही. अशी नोंद आणखी काय असणार?”

“माणसानं ती काहीतरी मनात धरूनच लिहिली असेल.”

“मॅम,” ते हसून म्हणाले, “हे पैशांचं ॲप आहे. शून्य रुपये म्हणजे काहीच नाही.”

मी बरंच बोलले. बाजूला ठेवायची सोय तरी करा म्हटलं, तर ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणाले. मीटिंग संपली आणि संध्याकाळी माझ्या मजकुरात माझ्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य बसलेलं होतं. ‘रिकाम्या नोंदी आपणहून काढून टाक. वापरणाऱ्याला विचारून विनाकारण त्रास देऊ नकोस.’ पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर त्याला त्रास वाचवणं म्हणायचं! मी तेव्हा भांडले ते दुसऱ्यांच्या नोंदींसाठी, न पाहिलेल्या माणसांच्या. माझ्या स्वतःच्या नोंदी त्यात आहेत हे माझ्या डोक्यात आलंही नव्हतं.

त्या नोंदी कशा झाल्या ते सांगते.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वडील गेले. आमचं गाव नांदूरघाटच्या बाजूला आहे. मी एकुलती एक, लग्न करून गेले होते ती लवकरच परत आले. त्यामुळं अग्नी चुलतभावानं दिला. घरात आई आणि मी. आईला माजघरात बसवलं, डोक्यावरून पदर ओढून. नवरा गेलेल्या बाईनं सुतक फिटेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बायका येतात, आत जाऊन तिच्या गळ्यात पडून रडतात. आणि येताना जे आणतात ते ओसरीवर ठेवतात. म्हणजे कुणी काय आणलं हे जिच्यासाठी आणलं तिला दिसत नाही. ते ध्यानात ठेवायचं काम घरातल्या सुनेचं. आमच्या घरात सून नाही, म्हणून ते माझ्याकडं आलं.

आणायची गोष्ट दोन प्रकारची असते. पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही. तेव्हा ज्यांना सुतक नाही अशा घरांतून भाकरी-पिठलं येतं, फडक्यानं झाकून. त्याला कडू घास म्हणतात. मग दहाव्या-तेराव्याला दुखवटा येतो, कुणाचा टोपी-टॉवेल, कुणाचं आईसाठी लुगडं. हे सगळं फेडायचं असतं, आणि जसंच्या तसं. ज्यानं घास आणला त्याच्या घरी मयत झालं की आपण घास न्यायचा, आणि ज्यानं टोपी-टॉवेल आणला त्याला टोपी-टॉवेल. कमी नेलं तर अपमान होतो, आणि न देणाऱ्याला नेलं तर तो टोमणा होतो. यात हिशोब आहे, पण पैशांचा नाही. गावात आपलं घर अजून उभं आहे की मिटलं, ते यावरून ठरतं.

आईला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पहिल्याच दिवशी तिनं मला आत बोलावलं आणि पदराआडून म्हणाली, “कोण काय आणतंय ते ध्यानात ठिव. बापाच्या माघारी घर मिटलं असं कुणाला वाटाया न्हाई पायजे.”

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ध्यानात ठेवू म्हणजे कुठं ठेवू? हातात फोन होता. साहेबांनी सगळ्यांना बजावलेलं होतंच, की आपलं ॲप आपण आधी वापरायचं, दुसऱ्याला मग सांगायचं. ओसरीच्या खांबाला टेकून मी त्यात लिहायला लागले. पहिल्या दिवशी तर झाकलेली ताटं नुसती येत होती. शेजारची कुणीतरी बाई घराचं नाव सांगायची आणि माझं बोट ते उमटवायचं. कानानं ऐकलेलं मनापर्यंत जात नव्हतं.

ॲप प्रत्येक नोंदीला रक्कम मागतं. दहाव्याला मी आत जाऊन आईला विचारलं, “आई, टोपी-टॉवेलची किंमत काय धरू?”

पदर जरासा वर झाला आणि आईचे डोळे दिसले. “दुखवट्याला किंमत लावती व्हय गं? बाजार मांडलाय का हितं?”

मी शून्य टाकलं. प्रत्येक नोंदीला शून्य. खर्चाचा प्रकार निवडायचा होता, तर तिथं किराणा होता, प्रवास होता, मनोरंजन होतं, केस-दाढीसुद्धा होती. आमच्याशी जुळेल असं काही नव्हतं, म्हणून ती जागा रिकामी सोडली. ओसरीवरचा एक म्हातारा कुरकुरला, “बाप गेलाय अन् पोरगी मोबाईल खेळायलीय.” माजघरातून आईचा आवाज आला, “खेळत न्हाई, लिव्हतीय ती. आमचं समदं फोनात हाय.” नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईचा तो एकच अभिमानाचा शब्द मी त्या सुतकात ऐकला.

आणि ते चाललंही. पुढं गावात दोन-तीन मयतं झाली. आई मला बीडला फोन करायची, मी ॲपात घराचं नाव शोधायचे आणि सांगायचे, आई, यांचं लुगडं आलं होतं. आई लुगडं घेऊन जायची. यांचा घास आला होता म्हटलं, की आई भाकरी-पिठलं घेऊन जायची. जाऊन आली की तिचा आवाज बदललेला असायचा. “समद्यांनी बसवून घेतलं गं मला,” सांगायची. “तुझ्या बापाचं नाव निघालं.” पुरुष माणूस नसलेल्या घरची बाई गावात कशी मोजली जाते, ते मी स्वतः परत आल्यावर पाहिलंय. आई त्यातून वाट काढत होती, पिठल्याच्या टोपलीनं.

मग ती मीटिंग झाली, माझं वाक्य खोडलं गेलं, आणि पुढं एक दिवस ॲपात झाडूचं चित्र आलं. ‘तुमची खाती आता स्वच्छ आहेत!’ मी ते बाजूला सारलं. असले संदेश मीच लिहिलेले असतात, ते काय वाचायचे.

त्यानंतर एका सकाळी आईचा फोन आला. कालव्याच्या कडेला एक घर आहे, त्या घरातले म्हातारे गेले होते. पाण्याच्या पाळीवरून वडिलांचं आणि त्यांचं फार पूर्वी वाजलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. पण मयताला अबोला पाळत नाहीत.

“बघ गं,” आई म्हणाली. “त्येंच्याकडून काय आलतं?”

मी शोधलं. काही नाही. दुसरं घर शोधलं, तिसरं शोधलं. वडिलांचं नाव टाकून शोधलं. दूध होतं, लाईटबिल होतं, त्या आठवड्यात मांजरसुंब्याला प्यालेला चहासुद्धा होता. दुखवटा नव्हता. एकही घर नव्हतं. फोन भिंतीवर आपटायला हात उचलला आणि त्याच फोनात पलीकडं आई आहे हे आठवून खाली घेतला.

“सापडलं का?” आई विचारत होती.

“थांब,” मी म्हटलं. “मी येते.”

निघण्याआधी साहेबांना फोन लावला. त्यांनी लगेच बघून सांगितलं, अगदी तत्परतेनं. पुसलेलं पुसलं गेलं होतं. काय पुसलं ते राहिलं नव्हतं, कारण कायमचं पुसायचं हेच तर ठरलं होतं. एजंटनं लिहिलेलं कारण तेवढं शिल्लक होतं. साहेबांनी ते वाचून दाखवलं. ‘रक्कम शून्य, प्रकार रिकामा. विनाकारण त्रास नको म्हणून वापरणाऱ्याला विचारले नाही.’

“म्हणजे त्यानं बरोबरच केलं,” साहेब म्हणाले. “मजकुरात होतं तसंच.”

“माझ्या मजकुरात नव्हतं!” मी इतक्या जोरात ओरडले की घरमालकीण गॅलरीत आली. “तुम्ही घातलंत ते. मी विचार म्हणून लिहिलं होतं.”

“मॅम, तुम्ही शांत व्हा. असं किती अमाउंटचं नुकसान झालंय?”

मी फोन ठेवला. एजंटवर मी चिडले नाही, हे इथं सांगून ठेवते. तो बिचारा वाचतो तसा वागतो. त्याला कुणी विचार म्हटलं असतं तर त्यानं शंभरदा विचारलं असतं. ज्याला तोंडानं विचारता येतं, त्याला विचारू नकोस असं शिकवणाऱ्या माणसावर मी चिडले.

बीडहून मांजरसुंबा, तिथं उतरून पुढची जीप. दुपार कलायच्या आत घरी पोचले. आई चुलीपुढं बसून होती, पीठ समोर, तवा अजून चुलीवर नाही. मी तिला सांगितलं. ॲप, एजंट, अवजार यातलं काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, की फोनातलं सगळं पुसलं गेलं.

“कुणी पुसलं?”

“कंपनीनं.”

“आपल्याला न इचारता?”

“न विचारता.”

“आन् कावून?”

तुला त्रास नको म्हणून पुसलं, असं त्या बाईच्या तोंडावर कसं सांगायचं?

मग आम्ही दोघी आठवायला बसलो. आईनं त्या दिवसांत कुणाचं तोंड धड पाहिलेलं नव्हतं, पदराआड तिला फक्त आवाज आणि गळ्यातले हात कळत होते. मला दहाव्या-तेराव्याचं थोडं आठवत होतं. पहिल्या दिवसाचं काहीच नाही. त्या घराचं आडनाव उमटवल्याचं मात्र मला पक्कं आठवत होतं, आणि पहिल्या दिवशीच उमटवल्याचं. त्या आडनावाची गावात आणखीही घरं आहेत, हेही आठवत होतं. सरळ जाऊन विचारावं तर तेही जमत नाही. दिलेलं काय होतं हे देणाऱ्याला विचारणं म्हणजे ते आपण मनात ठेवलं नाही असं सांगणं. आई म्हणाली, “मयताला समदे येतेत. त्येबी आले आसतील. घासच घिऊन जाऊ.” तिनं तवा ठेवला.

मी बरोबर गेले. आईनं टोपली डोक्यावर घेतली नाही, कमरेवर घेतली, पांढरं फडकं टाकून. त्या घरच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. सून उठून दारात आली. तिनं टोपलीकडं पाहिलं, मग आईकडं.

“आमी न्हवतो आलो तुमच्याकडं,” ती म्हणाली. “आमच्यातल्या कुणीच तुमच्या दारात पाय ठिवला न्हवता. आन् तुमी आज घास आणलाय. आमी आलो न्हाई ते चारचौघांत दाखवायला व्हय? उट्टं काढायला ह्योच दिस घावला तुमाला?”

“न्हाई गं बाई,” आई म्हणाली. “तसं न्हाई.”

“मंग कसं हाय?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झाले, बोलायला तोंड उघडलं, की वहिनी, माझ्या फोनातून, आणि ओसरीवरच्या सगळ्या बायकांची तोंडं आमच्याकडं वळलेली दिसली. फोनातून काय? सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं? सुनेचे डोळे रडून सुजलेले होते. तिची चूक नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, आणि याहून वाईट शब्दांत.

“घिऊन जा ते,” आतून एक म्हातारा आवाज आला.

मयताच्या घरून परत आलेला घास आपल्या घरात घेत नाहीत. आई ओढ्याच्या काठी बसली आणि भाकरी मोडून कुत्र्यांना घातली. पिठलं सांडून टोपली धुतली. मी साहेबांना, कंपनीला, पुण्याला, सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलत उभी होते. आई म्हणाली, “गप. लोक बघायलेत.”

बीडला येऊन मी साहेबांना सविस्तर लिहिलं. कडू घास काय असतो, शून्य का टाकलं, काय झालं, सगळं लिहिलं. डोळ्यांत पाणी येऊन लिहिलं. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. ‘मॅम, खूप इंटरेस्टिंग उदाहरण! पुढच्या मजकुरात अपवाद म्हणून घालता येईल. दोन ओळींत बसवाल का?’ आईला दारातून परत पाठवलं ते दोन ओळींत बसवा! माणसानं वाईट वागावं, शिव्या द्याव्यात, तर त्याच्याशी भांडता येतं. या गोड माणसाशी काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. मी माझं जुनं वाक्य जसंच्या तसं परत पाठवलं, खाली एक अक्षर न लिहिता. ते अजून विचाराधीन आहे.

ज्याला त्याला सांगावं तर तो म्हणतो, वहीत लिहायचं होतं. हे मला सगळ्यांनी सांगून झालंय, चुलतभावानं, घरमालकिणीनं, सोबत काम करणाऱ्या पोरींनीसुद्धा. वहीला वाळवी लागते, वही पाण्यात जाते, हे मला मान्य. पण ‘मी तुझी पानं स्वच्छ केली’ असं म्हणणारी वही मी अजून पाहिलेली नाही. आणि ज्याच्या घरात चोरी झाली त्यालाच कुलूप नीट लावायचं होतं म्हणून शिकवायचं, ही तर जुनीच रीत आहे.

आईनं त्यानंतर मयताला जाणं सोडलं. पहिल्यांदा गुडघे दुखतात म्हणाली. मग चक्कर येते म्हणाली. मी गावी जास्त राहायला लागले, काम काय कुठूनही होतं. आणि मला दिसत होतं, की तिचे गुडघे भाजी निवडताना दुखत नव्हते, शेतात जाताना दुखत नव्हते. कुणाच्या तरी दारात चुकीची टोपली घेऊन उभं राहायची तिला भीती बसली होती. कमी नेलं तरी वाईट, नको तिथं नेलं तरी वाईट, मग घरातच बसावं. म्हणजे घर मिटलंच की. वडील गेल्यावर जे झालं नव्हतं ते आता झालं.

गल्लीच्या टोकाला एक बाई राहते. नात्यातली नाही, पण लहानपणापासून मी तिला मावशीच म्हणते. परवा तिचा नवरा गेला. सकाळीच सगळं आटोपलं. दुपारी मी आईला म्हटलं, चल. आई भिंतीकडं तोंड करून झोपलेली होती.

“सांग, आईला ताप हाय.”

मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं. मी एकटीच गेले, रिकाम्या हातांनी. काय न्यायचं तेच माहीत नव्हतं, तर नेणार काय?

मावशीला माजघरात बसवलं होतं, पदर ओढून, माझी आई बसली होती तशीच. मी वाकून तिच्या गळ्यात हात टाकले. ती रडत होती. रडता रडता तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं आणि हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, “तुझी आई न्हाई आली गं? म्या तर तुझ्या बापाच्या वक्ताला पयल्या दिशी घास घिऊन आलते की. तू लिव्हलंतंस बी. माझं काय चुकलं का?”

मी घरी पळत आले. आई तशीच झोपलेली होती.

“ऊठ,” मी म्हटलं. “मावशीचा घास होता. पहिल्या दिवशीचा.”

आई ताडकन उठून बसली. “कुणी सांगितलं? तू इचारलंस?”

“नाही. तिनंच सांगितलं.”

“तिनंच?” आईचा चेहरा पडला. “आजच्या दिशी? तिच्या तोंडानं?”

मी मान हलवली. आई चुलीपुढं जाऊन बसली, पीठ काढलं आणि भाकरी थापायला लागली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, हात पिठाचे होते. नवरा गेला त्या दिवशी, पदराआडून, मावशीला आपण दिलेल्या घासाची आठवण दुसऱ्याला करून द्यावी लागली, आणि वर स्वतःचंच काही चुकलं का म्हणून विचारावं लागलं. का, तर पुण्यात कुणीतरी ठरवलं होतं की विचारलं तर त्रास होतो.

“फडकं दे,” आई म्हणाली. “पांढरं.”

मी दिलं. तिनं टोपली झाकली, पदर सारखा केला आणि माझी वाट न बघता दाराबाहेर पडली.